लातूरच्या वाट्याची पिवळी गाडी

लातूर जिल्हा झाल्याचा गुरुपादप्पाला झालेला पहिला फायदा म्हणजे एक पिवळी मोटार. तो फायदा होता की नाही, हे मात्र त्याला पुढं बरेच दिवस कळलं नाही.

गंजगोलाईच्या बाजारपेठेमागं त्याचं दुकान होतं. एका गाळ्यात पाण्याचे पंप, इंजिनं आणि पाइप, दुसऱ्यात मद्रासच्या नीलगिरी कंपनीच्या मोपेड. मोपेडची मूळ एजन्सी नांदेडच्या श्रीमंतरावांची; उस्मानाबाद जिल्ह्यात कंपनीचा डीलर नसल्यानं लातूरही त्यांच्याकडंच. त्यांच्याकडून गाड्या यायच्या, गुरुपादप्पा विकायचा, कमिशन दोघांत वाटलं जायचं. धंदा म्हणजे काय हे त्याला श्रीमंतरावांनीच शिकवलं होतं. गिऱ्हाइकाला आधी खुर्ची द्यायची की आधी पाणी, हप्ता थकवणाऱ्याच्या घरी कोणत्या वेळेला जायचं, तिथपासून सगळं. मग लातूर उस्मानाबादेतून निघून वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याला एक डीलर असा कंपनीचा कायदा, त्यामुळं यापुढं तुम्ही थेट आमचे, असं मद्रासहून कळवण्यात आलं. श्रीमंतराव स्वतः जीप घेऊन लातूरला आले. शाल-नारळ दिला, चहा घेतला आणि म्हणाले, "आप्पा, आता आपण बरोबरीचे झालो." ते ऐकून बरं वाटावं की वाईट, हे गुरुपादप्पाला ठरवता आलं नाही. जीप वळून जाईपर्यंत तो हात जोडून पायरीवर उभा राहिला.

त्याच साली पावसानं दगा दिला होता. सुरुवातीला पंपांचा धंदा जोरात चालला, कारण विहिरींचं पाणी खाली गेलं तसं जो तो जास्त ताकदीचं इंजिन मागायला लागला. नंतर विहिरीच आटल्या, मग इंजिन लावायचं कशावर? संक्रांतीनंतर दुकानात दिवसचे दिवस कुणी फिरकेना. पंढरी मेकॅनिक, जो दुकान सुरू झाल्यापासून त्याच्याकडं होता, तोही रिकाम्या हातानं बाकड्यावर बसून राहायचा. अशात एका दुपारी मद्रासचा ट्रक दारात उभा राहिला आणि त्यातून ती गाडी उतरली.

कंपनीला दहा वर्षं झाली म्हणून मालकांनी हौसेनं एक स्पोर्ट्स कार बनवली होती. नाव 'शिक्रा'. दोन दारांची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, हळदीसारखी पिवळी. अंग पत्र्याचं नव्हतं, फायबरचं. मोजक्याच बनवल्या होत्या, जिल्ह्यागणिक एक, आणि पुन्हा कधी बनणार नव्हत्या. नांदेडला एक आली होती. लातूर जिल्हा झाला नसता तर लातूरला आलीच नसती.

गाडीबरोबर इंग्रजीत पत्र होतं. गुरुपादप्पानं ते बँकेतल्या साहेबांकडून वाचून घेतलं. कंपनीचा भाव बहात्तर हजार. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. गाडी खास आणि मोजकी असल्यामुळं स्थानिक मागणी पाहून डीलरनं आपला भाव ठरवावा.

"म्हंजे किती?" गुरुपादप्पानं विचारलं.

"ते तुम्ही ठरवायचं," साहेब म्हणाले.

"पण छापलंय की बहात्तर."

"छापलंय. पण त्याच्यावर तुम्ही घेऊ शकता. खालीही देऊ शकता म्हणा."

गुरुपादप्पा तिथून निघाला तो चक्रावलेल्या डोक्यानं. आजवर त्यानं कधी भाव ठरवलाच नव्हता. कंपनी छापायची, तो सांगायचा. त्याच्या दुकानात घासाघीस नव्हती, आणि आसपासच्या खेड्यांत त्याचं नाव होतं ते त्यामुळंच. आता स्थानिक मागणी पाहायची म्हणून तो पायरीवर येऊन उभा राहिला. समोर टँकरची वाट बघत बायकांनी घागरी, डबे, बादल्या ओळीनं मांडल्या होत्या. मागणी होती ती तेवढीच. रांगेतल्या दोघीतिघी मान वळवून गाडीकडं बघत होत्या. त्यातल्या एकीनं विचारलं, "कलेक्टरची हाय का हो?"

"न्हाई, विकायची हाय," गुरुपादप्पा म्हणाला, आणि पुढं कुणी काही विचारलं नाही.

त्यानं नांदेडला ट्रंक कॉल लावला. श्रीमंतराव खुशीत होते.

"आली का तुझी? माझीबी आली. किती सांगून राहिलास?"

"बहात्तर. वर वाहतूक, टॅक्स काय लागंल ते."

"खुळा का काय तू? हैदराबादला सव्वा लाखाला मागून राहिलेत. साध्या स्कूटरला लोक ऑन देतेत, ही तर मोटार हाय."

छापील किमतीच्या वर, पावतीत न येणारे जे पैसे द्यावे लागत, त्याला बाजारात ऑन म्हणत. गुरुपादप्पाला शब्द माहीत होता, व्यवहार माहीत नव्हता.

"मग मी किती सांगू?"

"मी कोन सांगनार? आता तू डीलर हायस." श्रीमंतराव हसले. "घाई करू नको, एवढंच सांगतो. एकदा विकली की गेली."

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांत पहिलं गिऱ्हाईक आलं. देगलूरचे माणिकप्पा, तंबाखूचे अडते. कपाळाला विभूती, पांढरंशुभ्र धोतर, हातात छत्री. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, छत्रीच्या टोकानं टायर दाबून पाहिला आणि कानडीतून विचारलं, "एष्टु री?" म्हणजे कितीला. दोघं एकाच जातगोताचे निघाल्यानं बोलणं सैल झालं. गुरुपादप्पा बहात्तर म्हणणार तेवढ्यात त्याला हैदराबाद आठवलं आणि तो गप्प राहिला. तो गप्प राहिला तसे माणिकप्पाच म्हणाले, "पंच्याण्णव देतो."

"विचार करून सांगतो," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"करा की. पुढच्या सोमवारी येतो." इसार म्हणून रुपयाही न ठेवता माणिकप्पा उठले.

सोमवार यायच्या आत किनवटकडचा एक लाकडाचा ठेकेदार आला. त्यानं गाडीकडं धड पाहिलंही नाही. खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाला, "एक लाख पाच. दुसऱ्या कुनाला देऊ नका." मुहूर्त पाहून येतो म्हणाला आणि तोही गेला.

बहात्तरच्या गाडीला एका आठवड्यात तेहतीस हजार वर चढलेले. गुरुपादप्पाला आनंद व्हायला हवा होता. त्याला धास्ती वाटायला लागली. एक लाख पाच मिळत असतील तर एक लाख दहा का मिळू नयेत? आणि हैदराबादचा सव्वा लाख खरा असेल तर एक लाख दहाला देणारा तो मूर्खच. बहात्तरला विकली असती तर कायमचं हसं झालं असतं. जेवताना तो बायकोला, पार्वतम्माला, हे सांगायचा आणि सांगता सांगता भाकरी तशीच राहायची.

"त्या गाडीत एवढं हाय तरी काय?" पार्वतम्मानं एकदा विचारलं.

"तसं काय न्हाई. चार चाकंच हायत."

"मग?"

"मोजक्याच हायत म्हनून."

"मोजकं तर आता पानीबी हाय," ती म्हणाली. गाडी रोज पाण्यानं पुसावी असं कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं, आणि पार्वतम्मानं घरातलं एक तांब्याभर पाणी द्यायला साफ नकार दिला होता. पंढरी कोरड्या फडक्यानं धूळ पुसायचा. त्यानं पिवळ्या रंगावर बारीक ओरखडे उठायला लागले. प्रत्येक ओरखड्यानं भाव किती उतरला असेल, याचाही गुरुपादप्पा मनात अंदाज बांधायचा, आणि तो अंदाज कशाला धरून बांधावा हे त्याला कळायचं नाही.

एका दुपारी तो बँकेतून दुकानात आला तर गाडीचं दार बंद आणि आत पार्वतम्मा बसलेली. पदर डोक्यावर, हात मांडीवर, डोळे मिटलेले. बाहेर टँकरपाशी नेहमीची भांडणं पेटली होती. त्यानं काचेवर टकटक केली तेव्हा तिनं सावकाश दार उघडलं.

"काय करून राहिलीस इथं?"

"काय न्हाई. काच लावली की बाहेरचा आवाज येत न्हाई." ती उतरली आणि जाताना मागं वळून म्हणाली, "अवो, लगेच विकायलाच पायजे का?"

आता हिलाही गाडी हवी होती. गुरुपादप्पा बाकड्यावर टेकला.

खरं गिऱ्हाईक आलं ते होळीच्या सुमाराला. अर्धापूरचे अण्णाराव, केळीचे बागाईतदार. त्यांच्या भागात कालव्याचं पाणी अजून टिकून होतं, आणि बाकीकडच्या बागा वाळल्यामुळं त्यांच्या केळीला कधी नव्हे असा दर लागला होता. उंच, काळेसावळे, दंडावर ताईत. त्यांनी दार उघडून गाडीत बसून पाहिलं, गुडघे वर आले तरी उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोरच्या भिंतीकडं बराच वेळ बघत राहिले.

"चाळीस वर्सं बैलगाडी आन जीप," ते म्हणाले. "एकदा नांदेडात असं जायचंय की लोकांनी वळून बगितलं पायजे. दुसरं काय कारन न्हाई, आप्पा. हौस हाय." मग उतरून खुर्चीत बसले. "पंच्याऐंशी नगद. आत्ता देतो, पैसे जीपमधी हायत."

नगद. आत्ता. पण डोक्यात पंच्याण्णव होते, एक लाख पाच होते, हैदराबाद होतं. "एक लाख दहा," तो म्हणाला, आणि आपलाच आवाज त्याला परका वाटला.

अण्णाराव रागावले नाहीत. "नव्वद करा."

"याच्यापेक्षा जास्त सांगून गेलेत लोक."

"मग ते घेऊन कामून न्हाई गेले?"

"येनार हायत."

अण्णारावांनी मिशीवरून हात फिरवला. "केळीचा घड तोडला की माझ्याकडं दोन-तीन दिवस असतेत. तेवढ्यात ठरवावंच लागतं, न्हाईतर माल काळा पडतो. तुमची गाडी काळी पडत न्हाई, म्हनून तुमी बसून राहू शकता." ते उठले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. गुरुपादप्पा उठून पायरीपर्यंत गेला, त्यांना हाक मारावी असं त्याला वाटलं, आणि त्यानं मारली नाही.

माणिकप्पा काही आले नाहीत. ठेकेदारही आला नाही. पाडवा गेला, अक्षय्यतृतीया गेली. मग सायकलींचा माल आणायला नांदेडला गेलेला शेजारचा सायकलवाला परत येऊन सांगू लागला, की तिकडं वजिराबादच्या बाजारात तुमच्यासारखीच पिवळी गाडी पाहिली. अर्धापूरचा कुणी केळीवाला चालवत होता आणि लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. श्रीमंतरावांकडून नव्वदला घेतली म्हणे.

दुसऱ्या दिवशी गुरुपादप्पानं पहिल्या गाडीनं उदगीर गाठलं आणि तिथून देगलूरची एसटी धरली. पंच्याण्णव म्हणणारे माणिकप्पा आता नव्वद म्हणोत, पंच्याऐंशी म्हणोत, त्यानं हो म्हणायचं ठरवलं होतं. माणिकप्पा अडतीच्या ओट्यावर तंबाखूच्या गाठींमध्ये बसले होते. त्यांनी ओळखलं, पाणी दिलं, आणि गाडीचं नाव काढताच गोंधळून त्याच्याकडं बघायला लागले.

"मला कशाला गाडी? मला सायकलसुदा येत न्हाई."

"मग पंच्याण्णव म्हनलात ते?"

"श्रीमंतरावांनी सांगितलं होतं. उदगीरला जाऊन राहिलात तर पुढं लातूरला जा, आमच्या गुरुपादप्पाकडं चक्कर मारा, पंच्याण्णव म्हना." माणिकप्पांचा चेहरा खरोखरच भाबडा होता. "नवा जिल्हा, नवी एजन्सी, चार मोठी मानसं येऊन भाव बोलली तर त्याची पत वाढंल, असं म्हनले. मी म्हनलं, आपल्याच मानसाचं काम हाय. मी काय चुकीचं केलं का?"

"न्हाई," गुरुपादप्पा म्हणाला. "आन किनवटचा ठेकेदार?"

"त्यो मला मालूम न्हाई."

देगलूरहून नांदेडच्या एसटीत तो खिडकीपाशी बसला. सगळा रस्ता त्यानं बोलायची वाक्यं जुळवली. तुम्ही मला फसवलं. माझं गिऱ्हाईक पळवलं. मी तुम्हाला गुरू मानत होतो. नायगाव येईपर्यंत ती कडक होती. नांदेडच्या स्टँडवर उतरला तेव्हा त्यातलं एकच शिल्लक होतं, आणि तेही म्हणावं की नाही याची खात्री नव्हती.

श्रीमंतराव एजन्सीत पंख्याखाली बसले होते. साठी ओलांडलेली, शर्टाची वरची बटणं उघडी. काचेमागं जिथं पिवळी गाडी असायला हवी होती तिथं आता दोन मोपेड उभ्या होत्या.

"ये आप्पा. देगलूरहून येऊन राहिलास का? धूळ तिकडची दिसती."

"मानिकप्पाला तुमीच पाठवलं होतं," गुरुपादप्पा उभ्या उभ्याच म्हणाला.

"हाव. मीच."

"ठेकेदाराला?"

"त्यालाबी. बस, चहा घे."

गुरुपादप्पा बसला. श्रीमंतराव नाकारतील, चिडतील, शपथा घेतील, अशा सगळ्याची त्यानं तयारी केली होती. सरळ हो म्हणतील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कामून केलं असं?"

"दोन गाड्या, गिऱ्हाईक एक. या दुष्काळात दोन्ही जिल्ह्यांत एवढा पैसा काढनारा अन्नाराव सोडून दुसरा कोन होता? तू छापील भावाचा मानूस, तो आधी तुझ्याकडं जानार हे मला ठाऊक होतं. तू बहात्तर म्हनला असता, त्यानं तिथंच उचलली असती. मग माझी कुनी घ्यायची?" त्यांनी चहा त्याच्याकडं सरकवला. "तुझ्या जिल्ह्यापायी माझी अर्धी विक्री गेली, आप्पा. मी कंपनीला एक शब्द न्हाई बोललो. शाल घेऊन आलो. आता तूच सांग, माझी गाडी मी विकायची न्हाई का?"

"विका की. पन माझ्यासंगं खोटं?"

"खोटं कुठं? तुझा भाव वाढवला मी. अन्नाराव तुला नव्वद द्यायला तयार होता का न्हाई?"

"होता."

"छापील किमतीच्या अठरा हजार वर. दिली असती तर?"

गुरुपादप्पानं चहाचा घोट घेतला. श्रीमंतरावांच्या बोलण्यात खोट कुठं होती ते त्याला दाखवता येईना. कुणीतरी त्याला फसवलं होतं हे नक्की. पण नव्वदला नाही म्हणणारं तोंड त्याचं स्वतःचं होतं. राग होता, पण तो श्रीमंतरावांवर होता की आपल्यावर, हे धरायला गेला की निसटून जायचा. जाताना श्रीमंतरावांनी त्याला स्टँडपर्यंत सोडलं, घरच्यांसाठी केळ्यांची एक फणी दिली आणि म्हणाले, "वहिनीला नमस्कार सांग."

घरी आल्यावर पार्वतम्मानं विचारलं, भांडलात का? तो म्हणाला, न्हाई. मग केळी कुनी दिली? त्यानं सांगितलं. ती फणीतली केळी सोलायला लागली.

पावसाळा यथातथा झाला, पण विहिरींना थोडं पाणी आलं आणि इंजिनांची विचारपूस परत सुरू झाली. गाडी तशीच उभी होती. मधल्या काळात गुरुपादप्पानं लोकांना बहात्तर सांगून पाहिलं. लोक म्हणायचे, पूर्वी लाखाच्या वर सांगत होता ना, मग बिघडली का? एकाला त्यानं पासष्ट सांगितलं, तर तो माणूस खाली वाकून गाडीच्या पोटात काय तुटलंय ते शोधायला लागला. दसऱ्याच्या आधी मद्रासहून कळवलं, की शिक्रा गाडीचं खातं कंपनीनं बंद केलं आहे, यापुढं सुटे भाग मिळणार नाहीत. बँकेतले साहेब म्हणाले, आता हिला किंमत नाही. तेच साहेब चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, किंवा असं बघा, आता खरी दुर्मिळ झाली. गुरुपादप्पानं त्यांना विचारलं, दोन्हीतलं खरं कोणतं? ते म्हणाले, दोन्ही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी श्रीमंतरावांचा फोन आला.

"आप्पा, ऐक. अन्नारावाच्या गाडीचं तोंड फुटलं. उसाच्या ट्रॅक्टरला मागून ठोकली. दिवे, बॉनेट, पुढची काच, सगळं गेलं. भाग तर मिळत न्हाईत. तो तुझ्याकडं यायला निघालाय. एक लाखाच्या खाली उतरू नको."

गुरुपादप्पानं समोरच्या बिलबुकावर 'एक लाख' लिहिलं आणि खोडलं.

"मी या बारीला खरं सांगून राहिलो," श्रीमंतराव म्हणाले.

फोन ठेवून तो हिशेब जुळवायला लागला. खरं असेल तर लाख सांगायला हवेत. खोटं असेल तर लाख सांगितल्यावर अण्णाराव पुन्हा जीपमध्ये बसून निघून जातील. आणि श्रीमंतरावांना आता यात काय मिळणार होतं? त्यांची गाडी तर केव्हाच विकली गेली होती. पंढरीला विचारावं म्हणून तो गाळ्यात गेला, पण पंढरी एका इंजिनाचं डोकं उघडून बसला होता, आणि विचारायचं काय हेही त्याला नीट मांडता येईना.

अण्णाराव दुपारी आले. कपाळावर पट्टी होती, चेहरा उतरला होता. ते गाडीपाशी गेले, पण या वेळी आत बसले नाहीत. नुसता बॉनेटवर हात ठेवला.

"आप्पा, सांगा भाव."

गुरुपादप्पानं तोंड उघडलं. लाख म्हणावं की बहात्तर, दोन्ही शब्द जिभेवर एकदम आले आणि त्यातला एकही बाहेर पडेना. शेवटी जे होतं तेच तो बोलला. "सकाळी श्रीमंतरावांचा फोन आला होता. म्हनले, लाखाच्या खाली उतरू नको."

अण्णारावांनी मान वर केली. "मलाबी त्यांनीच पाठवलं. म्हनले, लातूरवाला लई कंटाळलाय. साठाला देऊन टाकील."

मग अण्णारावांना हसू आलं, पण कपाळ दुखलं म्हणून त्यांनी ते आवरलं. गुरुपादप्पाला हसूही आलं नाही.

"तुमाला काय पडली ही?" अण्णारावांनी विचारलं.

"बहात्तर. वाहतूक, विमा धरून पंच्याहत्तर. आन नऊ-दहा म्हैन्यांचं बँकेचं व्याज."

"मी नव्वद दिले त्याला." ते खुर्चीत बसले. "मला वाटलं होतं तुमची घेऊन तिचं तोंड काढून माझ्या गाडीला लावावं. आता बगितल्यावर वाटून राहिलं, हीच चालवावी. ती मोडून हिच्यासाठी भाग ठेवावेत."

"नव्वदची मोडनार?"

"मग काय करावं? ही नवी हाय."

यावर गुरुपादप्पानं बराच विचार केला. जी गाडी नव्वदला गेली ती आता भंगार होती, आणि जिला कुणी पासष्टला घेत नव्हतं तिच्यासाठी ती मोडली जाणार होती. यातली महाग कोणती आणि स्वस्त कोणती, हे त्याला बोटांवर धरूनही जुळेना. "अठ्ठ्याहत्तर द्या," तो शेवटी म्हणाला. तो आकडा कुठून आला हे त्याला माहीत नव्हतं. अण्णाराव लगेच हो म्हणाले, आणि ते इतक्या लगेच हो म्हणाले याचीही त्याला हुरहुर लागली.

संध्याकाळी अण्णारावांनी गाडी स्वतः चालवत नेली. मागून त्यांचा माणूस जीप घेऊन गेला. पार्वतम्मा पायरीवर येऊन उभी राहिली, गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिली आणि काही न बोलता आत गेली. पार्वतम्माला गाडी विकायला नको होती, हे गुरुपादप्पाला तेव्हा पुन्हा आठवलं.

दुसऱ्या दिवशी श्रीमंतरावांचा पुन्हा फोन.

"झाला ना सौदा? कितीला?"

"अठ्ठ्याहत्तर."

"बग. मी मधी पडलो म्हनून. तुला लाख सांगितले म्हनून तू टिकून राहिलास, त्याला साठ सांगितले म्हनून तो लातूरपर्यंत आला. न्हाईतर तो गाडी कशाला घेतो, जीपमधीच फिरला असता." थोडं थांबून ते म्हणाले, "माझी दलाली पाठव. अन्नारावानं दिली त्याची."

गुरुपादप्पाला वाटलं आता राग येईल. तो वाट बघत राहिला. फोनमधून नांदेडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते आणि श्रीमंतरावांच्या पंख्याची घरघर.

"किती?" त्यानं विचारलं.

"तू ठरव. मी काय सांगू?"

"पाठवतो," तो म्हणाला.

आणि त्यानं पैसे पाठवले. शनिवारी नांदेडला जाणाऱ्या सायकलवाल्याच्या हाती पाकीट दिलं. पार्वतम्मानं विचारलं, ज्यानं फसवलं त्यालाच वर पैसे कशाला? गुरुपादप्पानं खूप वेळ कारण शोधलं. शिकवलं त्यांनी, फसवलं त्यांनी आणि गिऱ्हाईकही शेवटी त्यांनीच आणून दिलं, असं काहीतरी तो बोलायला लागला, पण अर्ध्यावरच त्याला ते पटेनासं झालं आणि तो थांबला. बाहेर पंढरी मोकळ्या गाळ्यात पंप मांडून घेत होता. औशाकडचा एक शेतकरी पायरी चढून आला आणि त्यानं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन कितीला म्हणून विचारलं. गुरुपादप्पानं भाव सांगितला, आणि शेतकरी ऐकत असतानाच त्याला वाटून गेलं, की हा भाव बरोबर आहे का?